वाटीतला रस्सा आणि पातेल्यातला चोथा

घरगुती सूप आणि रस्से या विषयावर लिहा असे संपादकांनी सांगितले, तेव्हा आधी संकोच वाटला. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञ नाही. दिवसभर संगणकापुढे बसून प्रोग्रॅममधल्या चुका शोधणे हा माझा धंदा. पण या विषयात माझ्या हातून घरीच एक चूक झाली, आणि ती शोधायला मला तीन आठवडे लागले. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी हिवाळ्यात आईवडील येतात, कुणाकडे तान्ही बाळे आहेत, कुणी वजन उतरवण्यासाठी 'पॅलिओ' आहार धरला आहे. तीच चूक दुसऱ्या घरात होऊ नये म्हणून हा लेख.

वडिलांना कोल्हापूरला न्यूमोनिया झाला होता. त्यातून उठल्यावर डॉक्टरांनी प्रवासाची परवानगी दिली आणि ते व आई दोन महिन्यांसाठी आमच्याकडे मुहर्रकला आले. वजन त्रेसष्ट किलोंवरून अठ्ठावन्नवर आले होते. जिना चढताना मध्ये थांबावे लागे. मी त्या वेळी पॅलिओ आहारावर होतो, बरेच वाचले होते, आणि हाडांचा रस्सा म्हणजे अशक्तपणावरचा रामबाण उपाय अशी माझी खात्री झाली होती. मी वडिलांचा भात, भाकरी आणि वरण बंद केले. दिवसातून चार वेळा मोठी वाटी भरून रस्सा, सोबत उकडलेल्या भाज्या, एक अंडे, रात्री कधी माशाचा लहानसा तुकडा. पाय आणि नळ्या सहा-सहा तास उकळून रस्सा गाळायचा आणि चोथा कचऱ्यात टाकायचा. वडील मुकाट्याने प्यायचे.

तीन आठवड्यांनी वजन साडेपंचावन्न किलो भरले. जवळच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी छाती तपासली, रक्त तपासले आणि मग वडिलांना एकच प्रश्न विचारला, "बाबा, दिवसभरात चावून काय खाता?"

वडिलांनी आधी माझ्याकडे पाहिले. मग म्हणाले, "चावून असं काही नाही. पोरगं रस्सा देतंय, तो पितो. मनापासून करतंय."

हाडातून वाटीत काय उतरते?

घरी येऊन मी जो हिशेब आधी करायला हवा होता तो केला. हाडांना जोडणाऱ्या कूर्चा, स्नायुबंध आणि कातडी यांत कोलॅजन नावाचे प्रथिन असते. पाण्यात बराच वेळ उकळल्यावर त्याचे जिलेटिन होते. पायाचा रस्सा फ्रीजमध्ये ठेवल्यावर जेलीसारखा थरथरतो तो या जिलेटिनमुळे. ओठांना येणारा किंचित चिकटपणाही त्याचाच. शिवाय थोडी चरबी, मीठ, पोटॅशियम आणि चवीचे काही घटक पाण्यात उतरतात. एका मोठ्या वाटीत, म्हणजे सुमारे २५० मिलिलिटरमध्ये, प्रथिने किती हे हाडे, पाणी आणि वेळ यांवर ठरते. आपल्या घरगुती रश्शात ती पाच-सहा ग्रॅम धरली तर फार चूक होणार नाही. म्हणजे जवळपास एका अंड्याइतकी.

पण अंड्याचे प्रथिन आणि जिलेटिन यांत मोठा फरक आहे. शरीराला स्वतः बनवता येत नाहीत अशी नऊ अमिनो आम्ले अन्नातून मिळावी लागतात. त्यांतले ट्रिप्टोफॅन जिलेटिनमध्ये मुळीच नसते आणि इतर काही फार थोडी असतात. भिंत बांधायला विटा भरपूर पण सिमेंटच नाही, तर भिंत उभी राहत नाही, तसे होते.

वडिलांचा हिशेब असा निघाला. आजारातून उठणाऱ्या वयस्कर माणसाला दर किलो वजनामागे रोज साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात असे तज्ज्ञ सांगतात. (निरोगी प्रौढासाठी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचा २०२० चा आकडा ०.८३ ग्रॅम आहे.) अठ्ठावन्न किलोंना कमीत कमी सत्तर ग्रॅम हवी होती. चार वाट्या रस्सा बावीस-चोवीस ग्रॅम, एक अंडे सहा, मासा असेल त्या दिवशी आणखी आठ-दहा. एकूण चाळीसच्याही आत, आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग अपुऱ्या प्रतीचा. शिवाय भात-भाकरी काढून घेतल्यामुळे उष्मांक निम्म्यावर आले होते. उष्मांक कमी पडले की शरीर खाल्लेली प्रथिनेही इंधन म्हणून जाळते. मग स्नायू भरून येणार कुठून?

आणि कचऱ्यात काय गेले? बहुतेक सगळे मांस. मांस कितीही उकळले तरी त्यातली बरीचशी प्रथिने मांसातच राहतात. मी चोथा फेकून देत होतो आणि वडिलांना पाणी पाजत होतो.

पॅरिसची जुनी गोष्ट

ही चूक करणारा मी पहिला नाही. १६७९ साली डेनिस पॅपिन या फ्रेंच माणसाने लंडनमध्ये घट्ट झाकणाचे एक भांडे करून दाखवले. आपल्या प्रेशर कुकरचा तो पूर्वज. हाडे मऊ करून त्यांतले सत्त्व काढणे हाच त्याचा हेतू होता. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये दार्से नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने हाडांपासून स्वस्तात जिलेटिन काढण्याची पद्धत बसवली आणि गरिबांना व इस्पितळातल्या रुग्णांना त्याचे सूप देण्याचा पुरस्कार केला. फेकून द्यायच्या हाडांतून अन्न निघते म्हटल्यावर सर्वांना आनंद झाला. मग त्याच्या पोषणमूल्याबद्दल तक्रारी सुरू झाल्या. फ्रेंच विज्ञान अकादमीने समिती नेमली, आणि तिच्या वतीने माझांदी या शरीरशास्त्रज्ञाने १८४१ साली अहवाल दिला. नुसत्या जिलेटिनवर ठेवलेली कुत्री जगत नाहीत, असे प्रयोगांत दिसले होते. कारण मात्र तेव्हा कळले नव्हते. १९०१ साली इंग्लंडमध्ये हॉपकिन्स आणि कोल यांनी ट्रिप्टोफॅन वेगळे काढले आणि पुढच्या काही वर्षांत त्याचा उलगडा झाला.

दुसरा समज कॅल्शियमचा. हाडांचा रस्सा प्यायला की हाडे मजबूत होतात, हे ऐकायला अगदी पटते. १९३४ साली लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधल्या मॅकन्स, शेल्डन आणि विडोसन यांनी हाडांचे आणि भाज्यांचे सूप मोजून पाहिले. हाडांतून पाण्यात उतरणारे कॅल्शियम दुधाच्या मानाने अगदी थोडे निघाले. कॅल्शियम हाडाच्या कठीण भागात घट्ट बसलेले असते, ते उकळून सुटत नाही. व्हिनेगर किंवा लिंबू घातल्याने थोडे वाढते, तरी दुधाच्या जवळ जात नाही. एक कप दुधात सुमारे ३०० मिलिग्रॅम आणि १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास कॅल्शियम असते. हाडांसाठी ते घ्यावे. रस्सा इतर कारणांसाठी प्यावा.

मग रस्सा प्यायचा कशाला?

इतके वाचून कुणी रस्सा सोडू नये. आजारी माणसाला भूक नसते, तोंडाला चव नसते, घसा कोरडा असतो. गरम रस्सा पोटात पाणी आणि मीठ पोचवतो, सुगंधाने भूक चाळवतो आणि त्यात कालवलेले अन्न सहज गिळले जाते. रस्सा ही जेवणाची पहिली पायरी आहे. मी पहिल्या पायरीवरच बिऱ्हाड थाटले, ही माझी चूक.

आपल्याकडच्या जुन्या वैद्यांना हे माहीत होते. चरकसंहितेत शोधनानंतर रुग्णाला पुन्हा जेवणावर आणण्याचा क्रम दिला आहे. आधी पेया म्हणजे पातळ पेज, मग विलेपी म्हणजे दाटसर पेज, त्यानंतर यूष म्हणजे कडधान्याचे कढण आणि शेवटी मांसरस. यूष आणि मांसरसही आधी साधे, मग संस्कार केलेले. प्रत्येक पायरीला अन्न थोडे दाट आणि थोडे जड होत जाते. आमच्या आईने चरक वाचलेला नाही, पण पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती, "अरे, त्यात जरा मऊ भात कालव की." मी तिला पॅलिओ समजावून सांगत बसलो.

पॅलिओविषयी दोन शब्द. अश्मयुगीन माणसाच्या आहारावरून आजच्या माणसाने काय शिकावे, हा विचार १९८५ साली ईटन आणि कॉनर या अमेरिकन संशोधकांनी एका वैद्यकीय नियतकालिकात मांडला. २००२ साली लॉरेन कॉर्डेन यांचे पुस्तक आले आणि तो घरोघर पोचला. धान्य, कडधान्य, दूध आणि साखर वर्ज्य. मांस, मासे, अंडी, भाज्या, फळे आणि कवचाची फळे चालतात. यातून साखर, मैदा आणि तळलेले खाऱ्या चवीचे पदार्थ सुटतात, हा फायदा खरा. मधुमेहाच्या काठावरच्या धडधाकट चाळिशीतल्या माणसाला काही काळ तो मानवेलही. पण आजारातून उठलेल्या, आयुष्यभर भात-भाकरी खाल्लेल्या बहात्तर वर्षांच्या माणसाच्या ताटातून एका दिवसात निम्मे जेवण काढून घेणे हा शहाणपणा नव्हे.

आमच्या शेजारच्या बहरैनी आजी रमजानमध्ये हरीस आणि थरीद पाठवतात. हरीस म्हणजे गहू आणि मांस तासन्‌तास शिजवून, घोटून एकजीव केलेला पदार्थ. त्यात मांसाचा एक धागाही वाया जात नाही. थरीदमध्ये पातळ रोटी मांस-भाजीच्या रश्शात मुरवतात. दिवसभराच्या उपवासानंतर पोटाला मऊ आणि अंगाला भरीव असे अन्न. तेही रस्सा करतात, पण चोथा फेकत नाहीत.

आमच्या घरी बसलेल्या चार कृती

१. अळणी रस्सा. कोल्हापूरकडे तांबडा-पांढरा करण्याआधी मटण शिजवून जे पाणी निघते ते अळणी. नाव अळणी असले तरी थोडे मीठ असते. तिखट-मसाला नसतो. चार माणसांसाठी अर्धा किलो हाडे, नळ्या किंवा साफ केलेले दोन पाय, आणि अर्धा किलो मटण. हाडे गार पाण्यात घालून एक उकळी आणा, फेसाचे पाणी टाकून द्या. कुकरमध्ये चमचाभर तेलावर एक कांदा परता, आले-लसूण-कोथिंबिरीचे वाटण दोन चमचे, पाव चमचा हळद, हाडे आणि आठ वाट्या पाणी घाला. कुकर निम्म्याच्या वर भरू नये. पहिली शिट्टी झाली की आच मंद करून पाऊण तास. कुकर आपोआप निवल्यावर उघडा, मग मटण आणि मीठ घालून पुन्हा मंद आचेवर वीस मिनिटे. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांवर उकळते, कुकरमध्ये सुमारे १२० अंशांपर्यंत जाते. म्हणून सहा तासांचे काम तासाभरात होते. हाडे आणि मांस वेगवेगळ्या वेळी घातल्याने मांस मऊ राहते. वयस्कर माणसाला तेच मटण कुस्करून रश्शात द्या. सोबत मऊ भात.

इथे बहुतेक दुकानांत मेंढीचे मटण मिळते. त्याला चरबी जास्त आणि वासही वेगळा. रस्सा रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला की चरबीचा पांढरा थर वर गोठतो. तो चमच्याने काढून टाकला की वासही जातो आणि पोटालाही हलके पडते.

२. पांढरा रस्सा. वरच्या अळणी रश्शात दालचिनी, लवंग, वेलची आणि मिरी तुपात परतून घाला. वाटीभर नारळाचे दूध आणि दोन-दोन चमचे तीळ व काजू भिजवून केलेले वाटण घाला. मंद आचेवर गरम करा, खळखळून उकळू नका, नाही तर नारळाचे दूध फुटते. तुपाऐवजी खोबरेल तेल वापरले तर पॅलिओवाल्यांनाही हा रस्सा जसाच्या तसा चालतो. एक सूचना मात्र महत्त्वाची. मूळ कृतीत खसखस असते. संयुक्त अरब अमिरातींसह आखातातल्या काही देशांत खसखस निषिद्ध मालात मोडते आणि ती सामानात सापडल्याने प्रवासी अडचणीत आले आहेत. येणाऱ्या पाहुण्यांना पुडी आणू नका म्हणून आधीच कळवा. तिळाने काम भागते.

३. माशाचे सार. मुहर्रकच्या मासळी बाजारात सकाळी लवकर गेलात तर हामूर किंवा चनाद, म्हणजे आपली सुरमई, कापून घेताना डोके आणि मधला काटा मागून घ्या. डोके आणि काटा सहा वाट्या पाण्यात आल्याचा तुकडा, हिरवी मिरची आणि हळद घालून वीस मिनिटे उकळा, त्याहून जास्त नको. जास्त उकळल्यास कडवटपणा येतो. गाळून घ्या, डोक्याला चिकटलेले मांस काट्यांवाचून सोडवून परत त्यात घाला. चार आमसुले टाका. आमसुले संपली असतील तर इथला लूमी, म्हणजे वाळवलेले काळे लिंबू, टोचून टाकावा. त्याचा आंबटपणा वेगळा पण छान लागतो. शेवटी माशाचे चार तुकडे सोडून पाच-सात मिनिटे शिजवा. कोळंबी सोलल्यावर डोकी आणि साली थोड्या तेलावर परतून त्यांचेही असेच पाणी काढता येते.

४. मुगाचे कढण. शाकाहारी घरांसाठी, आणि आमच्या वडिलांसाठीही. वाटीभर हिरवे मूग चार तास भिजवून पाच वाट्या पाण्यात कुकरला मऊ शिजवा. रवीने घुसळा, गाळू नका. तुपाची जिरे-हिंगाची फोडणी, आले, मीठ, चार आमसुले. १०० ग्रॅम कोरड्या मुगात सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात, आणि मूग-तांदूळ एकत्र आले की एकाची उणीव दुसरे भरून काढते. पॅलिओच्या नियमात कढण बसत नाही. माझ्या मते नियमाने थोडे सरकून घ्यावे. कुळथाचे कळण करणाऱ्या कोकणातल्या भगिनींना यात नवे काही वाटणार नाही. त्यांनीही खालचे कुळीथ टाकून न देता उसळीला घ्यावेत.

थोडा पैशांचा हिशेब

पहिल्या आठवड्यात घाईमुळे मी सुपरमार्केटमधून परदेशी रश्शाची तयार खोकी आणली. अर्ध्या लिटरचे एक खोके साडेतीन दिनारांना पडले. रोज चार वाट्या म्हणजे दोन खोकी, सात दिनार. महिन्याचे दोनशे दहा दिनार! सौ.ने बिल फ्रीजच्या दारावर लावून ठेवले. घरी केलेल्या रश्शाला हाडे, पाय, कांदा-लसूण आणि गॅस मिळून दोन लिटरला सुमारे अडीच दिनार लागले, म्हणजे वाटीमागे तीनशे फिल्सच्या आसपास. मटण वेगळे, पण ते तर खायचेच आहे. बहरैनमध्ये मांसावरचे सरकारी अनुदान ऑक्टोबर २०१५ मध्ये काढले गेले तेव्हापासून मटण महाग झाले आहे. म्हणून हाडे, पाय आणि माशांची डोकी यांची किंमत जास्तच कळते. मूल्यवर्धित कर २०१९ साली ५ टक्क्यांनी सुरू झाला आणि २०२२ पासून १० टक्के आहे. ताजे मांस, मासळी आणि भाज्या यांसारख्या मूलभूत वस्तूंवर तो लागत नाही.

कोणताही 'पौष्टिक' पदार्थ घेताना पाकिटावरचा प्रथिनांचा आकडा पाहावा आणि किमतीला त्या ग्रॅमने भागावे. अंडी, मूग आणि साधी कोंबडी बहुतेक वेळा पहिल्या तिघांत येतात. स्वस्त म्हणून घेतलेले सूपचे क्यूब या हिशेबात कुठेच बसत नाहीत. पुष्कळ क्यूबमध्ये निम्म्याच्या आसपास वजन मिठाचेच असते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते, आणि दहा ग्रॅमचा एक क्यूबच ती मर्यादा गाठतो.

आणखी एक. आपल्या नोकरीचा विमा पाहुण्या आईवडिलांना सहसा लागू नसतो. ते निघण्याआधी प्रवासी विमा काढावा आणि जुने आजार त्यात धरले आहेत का ते नीट वाचावे.

ही काळजी घ्या

साठवण: जंतू वाढवण्यासाठी प्रयोगशाळेत मांसाचा रस्साच वापरत आले आहेत, यावरून काय ते समजावे. साधारण ५ ते ६० अंशांमध्ये जंतू झपाट्याने वाढतात आणि काहींचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. कोल्हापूरच्या थंडीत आजी रस्सा रात्रभर चुलीवर ठेवत असेल, पण मुहर्रकच्या जुलैमध्ये ते करू नका. रस्सा उथळ भांड्यांत ओता, भांडी बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाका. तीन-चार दिवसांत संपवा, नाही तर वाटी-वाटी करून फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने ठेवा. लागेल तेवढाच काढून खळखळून उकळा.

कुणी जपावे: युरिक अॅसिड वाढलेल्या किंवा गाउटचा त्रास असलेल्या माणसांनी मांसाचा आटवलेला रस्सा, विशेषतः कलेजी-गुर्दा घातलेला, रोज घेऊ नये. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी प्रथिने, पोटॅशियम आणि मीठ डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. रक्तदाब असेल तर मीठ शेवटी आणि ताटात घ्यावे.

तान्ही बाळे: माझी चूक सर्वांत जास्त घडते ती इथे. सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचे दूध. त्यानंतर आपण प्रेमाने वरणाचे पाणी, भाताची निवळ किंवा सूप पाजतो. बाळाचे पोट लहान असते. ते पाण्याने भरले की खऱ्या अन्नाला जागा उरत नाही. म्हणून पाणी नको, डाळच द्यावी. मऊ भात, घोटलेली डाळ, थोडे तूप, चमच्यावरून ओघळणार नाही इतके दाट.

दवाखान्यातून आल्यावर आईने स्वयंपाकघर ताब्यात घेतले. सकाळी नाचणीची पेज दुधातून, अकराला मुगाचे कढण आणि अंडे, दुपारी अळणी रस्सा, त्यातच कुस्करलेले मटण आणि मऊ भात, संध्याकाळी दही किंवा केळे, रात्री माशाचे सार आणि भाकरी. रस्सा दिवसात एकदाच, आणि तो जेवणाबरोबर. हिशेब केला तर सत्तर ग्रॅम सहज भरत होते. सोबत डॉक्टरांनी सांगितलेले रोजचे चालणे. पाच आठवड्यांनी वजन साठाला टेकले.

आमच्या मुहर्रकमध्ये मोत्यांच्या जुन्या व्यापाराची आठवण जपणारा साडेतीन किलोमीटरचा मार्ग आहे. बू माहिरच्या किल्ल्यापासून तो जुन्या गल्ल्यांतून जातो आणि २०१२ पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. पहिल्या आठवड्यात वडील आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत येत. परतीच्या आदल्या शुक्रवारी आम्ही त्या मार्गाचा निम्मा भाग चाललो. वाटेत बाकावर बसल्यावर मी म्हणालो, "बाबा, तेव्हाच सांगायचं होतंत, भूक लागते म्हणून." ते म्हणाले, "तू एवढं वाचून करत होतास. मला वाटलं, भूक लागणंच बरोबर असेल."

आपल्या घरी आलेली वडीलधारी माणसे तक्रार करत नाहीत. त्यांच्यापुढे वाटी ठेवताना वाटीत काय उतरले आणि पातेल्यात काय राहिले, हे आपणच पाहायचे. रस्सा जरूर करा, आणि तळाचेही ताटात वाढा.